कोरियन कलाकार आणि कारागीर यांच्यासाठी समकालीन गॅलरी कशी चालवावी

सोलमध्ये दरवर्षी सप्टेंबरात कोएक्स या प्रदर्शन-संकुलात किआफ आणि फ्रीझ सोल हे दोन कलामेळे एकाच सुमारास भरतात. किआफ २००२ पासून चालू आहे. फ्रीझ २०२२ मध्ये तिथे आले आणि परदेशी संग्राहकांची सोलकडे रीघ लागली. या संग्राहकांना पार्क सो-बो, ली उ-फान, किम ह्वान-गी या चित्रकारांची नावे ठाऊक असतात. किम ह्वान-गी यांचे १९७१ मधले निळे, दोन भागांचे भव्य चित्र नोव्हेंबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या पुढे गेले. तेव्हा चित्रांची बाजू मांडायला बाजार समर्थ आहे. इचॉनच्या भट्टीवर राबणारा कुंभकार, तोंगयोंगमध्ये शिंपल्याचे पातळ तुकडे रोगणात बसवणारी कलाकार किंवा जोंजूच्या कागदाला पीळ देऊन पात्रे विणणारा कारागीर यांची बाजू मांडायला मात्र कोणीतरी लागते. ते काम गॅलरीचे आहे, आणि ते नीट करायचे तर चित्रकाराला व कारागिराला एकच शिस्त लावावी लागते: दोघांना तोच करार, तोच प्रकाश, तेवढेच लेखन आणि तेवढाच वेळ. हस्तकला दाराजवळच्या फडताळात भेटवस्तू म्हणून मांडली, की ती ग्राहकाच्या मनात कायमची भेटवस्तूच राहते.

पुढचे विवेचन दोन-तीन माणसांनी चालवायच्या छोट्या गॅलरीसाठी आहे. ती सोलच्या सामचोंग-दोंगमध्ये असो, लंडनमध्ये असो की मुंबईत, कामाचा क्रम फारसा बदलत नाही. कर आणि कायदे तेवढे बदलतात.

पहिली पायरी : गॅलरी कशासाठी आहे हे कागदावर उतरवणे

जागा पाहण्याआधी, भाड्याचा आकडा काढण्याआधी, पुढच्या तीन वर्षांचा कार्यक्रम लिहून काढावा. 'कोरियन कला' एवढा धागा पुरेसा नाही, कारण त्यात सगळेच बसते. माझे मत असे आहे की छोट्या गॅलरीने तीन किंवा चार माध्यमे निवडावीत आणि त्यांच्याभोवती चित्रकार व कारागीर दोघांनाही गुंफावे. हांजी या कोरियन कागदाचे उदाहरण घेऊ. डाक नावाच्या झाडाच्या सालीपासून होणारा हा कागद लांब तंतूंमुळे ओला असतानाही सहजी फाटत नाही. पार्क सो-बो यांनी ओल्या हांजीवर रेघा ओढत त्याचा लगदा सरीसारखा उभा केला; क्वॉन यंग-उ यांनी तोच कागद नखांनी फाडला, भोसकला, थरांवर थर चिकटवला. दुसरीकडे हांजीच्या पट्ट्यांना पीळ देऊन त्या दोरीपासून वाट्या, टोपल्या आणि तबके विणण्याची जिसंग ही जुनी कारागिरी आजही चालू आहे. ही तीन प्रकारची कामे एका दालनात आली की पाहणाऱ्याला चित्र आणि वस्तू यांच्यातले नाते समजावून सांगावे लागत नाही. तीच गोष्ट मातीची, तीच रोगणाची आणि तीच विणलेल्या वस्त्रांची.

कलाकारांची संख्या आठ ते दहाच्या वर नेऊ नये. वर्षाला पाच किंवा सहा प्रदर्शने, प्रत्येक पाच ते सहा आठवड्यांचे, हे प्रमाण धरले तर दर कलाकाराचे एकल प्रदर्शन दोन-तीन वर्षांतून एकदा होते आणि मधल्या काळात समूह-प्रदर्शनांत त्याचे काम लोकांसमोर राहते. सोलमधल्या ज्या गॅलऱ्या आज मोठ्या म्हणून ओळखल्या जातात, त्या अशाच दीर्घ सोबतीवर उभ्या राहिल्या आहेत. पार्क म्यंग-जा यांनी १९७० मध्ये इनसादोंगमध्ये ह्युंदे गॅलरी काढली आणि ली ह्युन-सूक यांनी १९८२ मध्ये कुकजे गॅलरी सुरू केली. एकरंगी चित्रांची दानसेखवा ही धारा १९७० च्या दशकात आकाराला आली, पण तिला जगाच्या बाजारात खरी मागणी आली ती २०१० नंतर. एवढा काळ कलाकाराच्या मागे उभे राहण्याची तयारी नसेल, तर गॅलरीऐवजी दुकान काढलेले बरे.

दुसरी पायरी : कलाकार शोधणे आणि त्यांच्या कार्यशाळेत जाणे

चित्रकार आणि शिल्पकार यांच्यासाठी होंगइक, सोल राष्ट्रीय आणि ईहवा या विद्यापीठांची पदवी-प्रदर्शने पाहावीत. राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाची गोयांग आणि छांगदोंग इथली निवासी केंद्रे, तसेच सोल महानगर कला संग्रहालयाचे नान्जी इथले केंद्र, ठरावीक काळाने आपली दारे उघडतात. त्या दिवशी एका फेरीत अनेक कलाकारांचे चालू काम दिसते. हस्तकलेसाठी वाट वेगळी आहे. चोंगजूमध्ये १९९९ पासून हस्तकलेची द्वैवार्षिकी भरते आणि ती आता तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत असते. इचॉनमध्ये कुंभकारांच्या कार्यशाळांची अख्खी वसाहत आहे. सोलच्या आनगुक-दोंगमध्ये २०२१ मध्ये उघडलेले हस्तकला संग्रहालय तर पहिल्याच आठवड्यात पाहावे, कारण जुनी वस्तू आणि आजची वस्तू शेजारी ठेवून पाहण्याची सवय तिथे लागते. २०२२ मध्ये लोएवे हस्तकला पुरस्काराचे प्रदर्शन याच संग्रहालयात झाले आणि पुरस्कार जोंग दा-हे या कोरियन कलाकाराला मिळाला. घोड्याच्या केसांची जोसन राजवटीच्या काळातील टोपी विणण्याचे तंत्र घेऊन तिने आरपार दिसणारे, जवळजवळ वजनरहित पात्र विणले होते. परंपरेतले तंत्र आणि आजचा आकार यांची सांगड कशी असते, हे नव्या सहकाऱ्याला शिकवायचे असेल तर मी याच कामाचे छायाचित्र दाखवतो.

कार्यशाळेच्या पहिल्या भेटीत किंमत विचारू नये. कोरियात आडनाव आधी येते. ज्येष्ठांना 'सोनसेंगनिम' आणि कलाकाराला 'जाकगानिम' म्हणून हाक मारतात, आणि नुसत्या नावाने बोलावणे उद्धट समजले जाते. ओळखपत्र दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे, फळांचा किंवा मिठाईचा छोटा डबा न्यावा, आणि मुख्य म्हणजे पाहायला पुरेसा वेळ ठेवावा. समोर मांडलेल्या चांगल्या नगांपेक्षा मागच्या फळीवरचे फसलेले नग आणि झिलईच्या चाचणीचे तुकडे अधिक सांगतात. कुंभकार एकाच झिलईची राख बदलून पुन्हापुन्हा भाजत असेल, तर तो पाच वर्षांनी कुठे पोहोचेल याचा थोडा अंदाज येतो. सगळे नग एकसारखे गुळगुळीत असतील, तर बहुधा तो बाजाराला हवे तेच करत आहे.

पारंपरिक कलांच्या जतनासाठी कोरियात १९६२ च्या कायद्यापासून मानकरी कारागीर नेमण्याची पद्धत आहे. त्यांना 'बोयुजा' म्हणतात. हा सन्मान फार मोठा आहे, पण त्याचा हेतू जुने तंत्र जसेच्या तसे टिकवणे हा आहे. समकालीन गॅलरीने मानकऱ्याचे काम अवश्य दाखवावे, मात्र सन्मानपत्राकडे पाहून निवड करू नये. अनेकदा त्याच्या हाताखाली दहा-बारा वर्षे शिकलेला शिष्य अधिक धाडसी काम करत असतो, आणि गुरूची परवानगी घेऊन त्याच्याशी बोलणी करणे हाच रीतीचा मार्ग असतो.

तिसरी पायरी : करार

कोरियात तोंडी विश्वासावर चालणारे व्यवहार अजून पुष्कळ आहेत, विशेषतः कारागिरांशी. तरीही करार लेखी हवा, कोरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवा, आणि मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य हे त्यातच लिहिलेले हवे. विक्रीच्या किमतीचा निम्मा वाटा कलाकाराला आणि निम्मा गॅलरीला ही सर्वसाधारण रीत आहे. पण निर्मितीचा खर्च मोठा असेल, म्हणजे शिंपल्याचे जडावकाम, चांदी किंवा लाकडाच्या भट्टीतले काम असेल, तर तो खर्च आधी वजा करून उरलेली रक्कम वाटणे न्यायाचे होते. एक हिशेब पाहा. समजा एका बरणीची किंमत ६० लाख वॉन आहे आणि तिच्यावर १२ लाख वॉन खर्च झाला आहे. सरळ निम्मी वाटणी केली तर कलाकाराच्या हाती ३० लाख येतात, पण खर्च जाऊन १८ लाखच उरतात. गॅलरीला पूर्ण ३० लाख. खर्च आधी वजा केला तर ४८ लाख वाटायचे राहतात, दोघांना २४-२४ लाख मिळतात. भट्टीत तडकलेल्या नगांचे नुकसान कारागीर एकटा सोसत असतो, त्यामुळे हा मुद्दा गॅलरीने आपणहून काढावा.

करारात पुढील गोष्टी नि:संदिग्ध असाव्यात: काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गॅलरीकडे आहे, विमा कोणाचा, सवलत दिली तर ती दोघांत कशी वाटायची, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे द्यायचे (तीस दिवसांपेक्षा जास्त मुदत मला पटत नाही), छायाचित्रांचे हक्क कोणाकडे, आणि कार्यशाळेतून थेट विक्री झाली तर काय. शेवटचा मुद्दा हस्तकलेत फार नाजूक असतो. चहाच्या वाट्या, ताटल्या, छोट्या बरण्या कार्यशाळेतून विकणे हे कुंभकाराचे पोटापाण्याचे साधन असते आणि ते बंद करायला सांगणे चुकीचे आहे. दैनंदिन वापराची भांडी त्याने विकावीत आणि प्रदर्शनासाठीची मोठी कामे फक्त गॅलरीतून जावीत, अशी रेघ आखली की दोघांचेही भले होते.

कोरियात काम करणाऱ्यांनी कला-प्रोत्साहन कायद्याकडेही लक्ष ठेवावे. तो जुलै २०२४ पासून लागू झाला. गॅलरी-व्यवसायाची सरकारदरबारी नोंद देण्याची तरतूद त्यानंतर दोन वर्षांनी आणि पुनर्विक्रीतून कलाकाराला वाटा देण्याची तरतूद जुलै २०२७ पासून, असे त्याचे टप्पे आहेत. आजच्या करारात पुनर्विक्रीचे कलम घालून ठेवले तर पुढे धावपळ होत नाही.

चौथी पायरी : किंमत ठरवणे

कोरियात चित्राची किंमत 'हो' या मापावर ठरवण्याची जुनी पद्धत आहे. हो हा कॅनव्हासच्या आकाराचा क्रमांक. १० हो म्हणजे साधारण ५३ × ४५.५ सेंटिमीटर आणि १०० हो म्हणजे १६२.२ × १३०.३ सेंटिमीटर. कलाकाराचा दर प्रति हो दोन लाख वॉन असेल तर १० होचे चित्र वीस लाखांना आणि १०० होचे दोन कोटींना, असा सरळ गुणाकार होतो. प्रत्यक्षात १०० होचे क्षेत्रफळ १० होच्या नऊ पटींहूनही थोडे कमी असते आणि मोठे चित्र ठेवायला जागा असलेले ग्राहक थोडे असतात, त्यामुळे मोठ्या आकाराला दर उतरवून लावतात. ही पद्धत परदेशी ग्राहकाला चमत्कारिक वाटते, पण तिचा फायदा असा की किमतीचे कारण सांगता येते. परदेशातल्या गॅलरीने किंमत लावताना कलाकाराचा सोलमधला दर आधी विचारावा आणि त्याच्याशी सुसंगत राहावे. सोल आणि लंडन इथे एकाच कलाकाराच्या किमतीत विनिमय दर, कर व वाहतूक यांपलीकडचा फरक दिसला, की विश्वासाला तडा जातो.

हस्तकलेला असे माप नाही. तिथे आकार, भाजणीची जोखीम, लागलेले महिने आणि कलाकाराची आजवरची वाटचाल पाहून किंमत लावावी, आणि एकदा लावलेली किंमत खाली आणू नये. विक्री मंदावली तर लहान आकाराची कामे मागवावीत. मोठ्या कामाची किंमत कापणे हा त्या कामाच्या आधीच्या खरेदीदारावर अन्याय आहे. ग्राहकाला सवलत द्यायचीच असेल तर ती किती आणि कोणाला, याचा नियम वर्षाच्या सुरुवातीला ठरवून सगळ्यांना तोच लावावा.

पाचवी पायरी : जागा, प्रकाश आणि हवा

कागद, रेशीम, रॅमीच्या धाग्याचे विणकाम आणि नैसर्गिक रंग यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचे माप) जास्त प्रकाश नको. माती आणि धातू २०० लक्स किंवा त्याहून अधिक सहज सोसतात. एकाच दालनात दोन्ही असतील तर कागदाची भिंत खिडकीपासून सर्वांत दूर ठेवावी आणि मातीची कामे उजेडाकडे आणावीत. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी. आकडा थोडा वर-खाली असला तरी चालतो, दिवसभरात झोके घेता कामा नये. ऑत्चिल, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेले कोरियन रोगण, दमट आणि उबदार हवेतच वाळते. पण वाळल्यानंतर कोरड्या हवेत आतले लाकूड आकसले तर त्यावरचा थर चिरतो. सोलचा हिवाळा अतिशय कोरडा आणि मुंबईचा पावसाळा अतिशय दमट, त्यामुळे दोन्हीकडे आर्द्रता मोजणारी साधने आणि ती राखणारी यंत्रे हा चैनीचा खर्च नव्हे. घोड्याचे केस आणि लोकर यांना कसर लागते. त्यांच्यासाठी बंद पारदर्शक पेटी आणि दर महिन्याची तपासणी हवी.

दालहांगारी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रासारखी गोल पांढरी पोर्सिलेनची बरणी, कशी मांडावी हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण कोरियन मातीकामाचे प्रदर्शन बहुधा तिच्याशिवाय पुरे होत नाही. मूळ बरण्या सतराव्या-अठराव्या शतकात झाल्या. एवढा मोठा गोल एका वेळी चाकावर उभा राहत नाही, म्हणून दोन मोठी वाडगी करून ती तोंडाला तोंड लावून जोडतात. भाजताना जोडाजवळ माती थोडी बसते आणि घेर किंचित तिरका होतो. आजचे कुंभकारही बहुतेक असेच करतात. बरणी उंच चौथऱ्यावर चढवली की पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त पोट येते आणि ती फुग्यासारखी दिसते. साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीच्या रुंद चौथऱ्यावर ठेवली की तोंड, खांदा आणि जोडाची अस्पष्ट रेघ एकदम दिसते. प्रकाश वरून सरळ न टाकता एका बाजूने, थोडा तिरका टाकावा. तेव्हा एका अंगाला दुधाळ पांढरा, दुसऱ्या अंगाला निळसर करडा असा रंग उतरतो आणि घेरातला तिरपेपणा आपोआप लक्षात येतो. भिंतीपासून इतके अंतर ठेवावे की माणूस बरणीभोवती पूर्ण फिरू शकेल. तळाशी संग्रहालयात वापरतात ते मेण लावून बरणी स्थिर करावी आणि चौथरा आतून वाळूच्या पिशव्यांनी जड करावा.

सहावी पायरी : बांधणी, वाहतूक आणि कस्टम्स

बहुतेक नुकसान रस्त्यात न होता बांधताना आणि सोडताना होते. माती आणि रोगणाच्या कामाला दुहेरी खोका लागतो: आतल्या खोक्यात फोमला वस्तूच्या आकाराची खोबण आणि बाहेरच्या लाकडी खोक्यात धक्का शोषणारा थर. लाकडी खोक्याच्या लाकडावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असावा लागतो, नाहीतर खोका बंदरात अडकतो. रोगणाच्या कामाला बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट लावू नये, त्याचे गोल ठसे उमटतात. आधी मऊ, आम्लरहित कागद गुंडाळावा. विमा कलाकाराच्या कार्यशाळेच्या भिंतीपासून परत त्याच भिंतीपर्यंतचा घ्यावा आणि झिलईतल्या नैसर्गिक रेषा आधीच नोंदवाव्यात, कारण वस्तूच्या अंगभूत दोषाची भरपाई विमा कंपनी देत नाही.

जुने काम असेल तर कोरियाचे निर्यात-नियम पाहावे लागतात. १९४५ च्या आधीच्या वस्तूंना राष्ट्रीय वारसा-विभागाची परवानगी किंवा खातरजमा लागू शकते. त्यानंतरच्या कामांवरचे निर्बंध २०२४ मध्ये शिथिल झाले आणि हयात कलाकारांच्या नव्या कामांना ही अडचण येत नाही. संशय असेल तर अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे.

प्रदर्शन मुंबईत किंवा पुण्यात न्यायचे असेल तर दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, काम विकायला येत आहे की फक्त दाखवायला. एटीए कार्नेट या दस्तऐवजावर वस्तू तात्पुरत्या शुल्काविना आणता येतात आणि भारत व दक्षिण कोरिया दोघेही त्याला मान्यता देतात. पण हा मार्ग मेळे आणि सार्वजनिक प्रदर्शने यांसाठी आहे, आपल्या जागेत परदेशी माल विकण्यासाठी नाही. दुसरी, कस्टम्सच्या वर्गीकरणात वस्तू कुठे बसते. कलाकाराने हाताने केलेले एकमेव शिल्प कलाकृतींच्या ९७ व्या प्रकरणात जाते, तर शोभेची सिरॅमिक वस्तू किंवा भांडे ६९ व्या प्रकरणात, आणि शुल्काचा हिशेब त्यावर फिरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात चित्रे, मूळ मुद्राचित्रे आणि मूळ शिल्पे यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे हे वर्गीकरण अधिकच महत्त्वाचे झाले आहे. बीजकासोबत कलाकाराचे स्वाक्षरीचे निवेदन, प्रक्रियेची छायाचित्रे आणि नग एकमेव असल्याचा दाखला जोडावा. तपासणीच्या टेबलावर तोंडी समजावण्यापेक्षा कागद अधिक उपयोगी पडतात. भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करार जानेवारी २०१० पासून लागू आहे. भांडी व वापराच्या वस्तू आणताना उत्पत्ती-प्रमाणपत्र घेतले तर शुल्कात काही सूट मिळते का, हे कस्टम्स एजंटाकडून नगवार तपासून घ्यावे.

वाहतुकीच्या तारखा सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि चुसोक (शरदातला सुगीचा सण) या सणांच्या आठवड्यात येऊ देऊ नयेत. तेव्हा कार्यशाळा, गोदामे, कचेऱ्या सगळे बंद असते. जूनच्या अखेरीपासून जुलैभर चांगमा हा कोरियाचा पावसाळा असतो आणि माती वाळायला दुप्पट वेळ लागतो. लाकडाच्या भट्टीवर काम करणारा कुंभकार वर्षातून मोजक्या वेळाच भट्टी लावतो आणि तीत काही नग फुकट जातात. म्हणून हस्तकलेच्या एकल प्रदर्शनासाठी किमान बारा ते अठरा महिने आधी बोलणी पुरी व्हावीत.

सातवी पायरी : खोका उघडणे

खोका आला की तो निदान एक पूर्ण दिवस दालनाच्या तापमानात न उघडता ठेवावा. उघडताना दोन माणसे हवीत, एक हात लावणारा आणि एक लिहिणारा. मातीच्या कामाला कापडी हातमोजे घालू नयेत, ते सटकतात. स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे मोजे चालतात, आणि रोगण व धातूला मात्र मोजे अनिवार्य आहेत. बरणी तोंडाला किंवा खांद्याला धरून कधीही उचलू नये. एक तळहात तळाखाली, दुसरा पोटाला. मग विजेरी जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून सगळा घेर फिरवून पाहावा. केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती झिलईतली आहे की अंगातली, हे तेव्हाच ठरवावे लागते: झिलईतली रेघ वरच्या थरातच थांबते, अंगातली आतूनही दिसते आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली तर खणखणीत ऐवजी बसका आवाज येतो. प्रत्येक गोष्ट तारीख घालून, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रासह कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे वस्तूच्या स्थितीच्या नोंदीत, लिहावी आणि त्याच दिवशी कलाकाराला पाठवावी.

आठवी पायरी : शब्द

भिंतीवरच्या मजकुराला मी खर्चाच्या यादीत वाहतुकीइतकेच महत्त्व देतो. 'शांत', 'साधे', 'पौर्वात्य' अशा शब्दांनी भरलेला मजकूर कोणत्याही देशाच्या कोणत्याही पांढऱ्या भांड्याला चालून जातो, म्हणून तो टाळावा. त्याऐवजी काम कसे झाले ते सांगावे. बुनचोंग या करड्या मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप गवताच्या झाडूने फिरवलेला आहे, म्हणून तिथे ओरखड्यांचा वेग दिसतो. बांगजा काशाची वाटी ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील यांच्या मिश्रधातूची असून ती तापवून ठोकून वाढवलेली आहे, म्हणून तिच्यावर हातोड्याच्या खुणा आहेत. चित्रकार हा चोंग-ह्युन यांनी रंग तागाच्या कापडाच्या मागून पुढे दाबून काढला आहे, म्हणून तो विणीतून थेंबाथेंबाने वर आलेला दिसतो. एवढे वाचून माणूस कामाकडे पुन्हा वळला, की मजकुराने आपले काम केले. कलाकाराच्या नावाचे लेखन त्याने स्वतः निवडलेलेच वापरावे आणि नावाशेजारी कोरियन लिपीतले मूळ नावही छापावे.

कोरियन कलेचा इतिहास इतर देशांत कसा पोहोचला, हे सांगणाऱ्या खऱ्या हकीकती ग्राहकांना आवडतात आणि त्या सांगाव्यात. ब्रिटिश कुंभकार बर्नार्ड लीच यांनी १९३५ मध्ये सोलमध्ये एक दालहांगारी विकत घेतली, पुढे ती कुंभकार ल्युसी री यांच्याकडे राहिली आणि १९९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेली. एका बरणीचा हा प्रवास ऐकला की समोरच्या नव्या बरणीकडे पाहण्याची नजर बदलते.

नववी पायरी : विक्री आणि मेळे

पहिल्या दोन वर्षांत ग्राहकांचा शोध हीच खरी मेहनत असते. चित्रांचे संग्राहक, वास्तुरचनाकार, सिरॅमिकचे हौशी जाणकार आणि संग्रहालयांचे अभिरक्षक या चार वर्तुळांना वेगवेगळी पत्रे लिहावीत आणि वेगवेगळ्या दिवशी बोलवावे. संग्रहालयाला काम देताना मोठी सवलत देणे योग्य आहे, कारण कलाकाराच्या पुढच्या वाटचालीला त्याने आधार मिळतो. तशी तरतूद करारात आधीच असावी. राखून ठेवलेल्या कामाची मुदत दोन दिवसांची ठेवावी आणि ती पाळावी.

मेळ्यांचा खर्च छोट्या गॅलरीला जड जातो. पहिल्या वर्षी एकच मेळा करावा आणि तिथे एका किंवा दोन कलाकारांचेच काम न्यावे. हस्तकलेसाठी लंडनचा कलेक्ट हा मेळा विचारात घेण्यासारखा आहे, कारण तिथे येणारा माणूस वस्तू हातात घेऊन पाहणारा असतो. कोरिया कला-व्यवस्थापन सेवा आणि कोरियन हस्तकला व रचना प्रतिष्ठान या संस्था परदेशातल्या प्रदर्शनांना वेळोवेळी साहाय्य करतात. त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवावे, मात्र अनुदान मिळेल असे गृहीत धरून वर्षाचे अंदाजपत्रक करू नये. परदेशातल्या कोरियन सांस्कृतिक केंद्रांशी ओळख ठेवावी. नवी दिल्लीतले केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले आणि व्याख्याने किंवा प्रात्यक्षिकांसाठी असे केंद्र चांगला जोडीदार ठरते.

दहावी पायरी : प्रदर्शन उतरवल्यानंतर

शेवटच्या दिवसानंतरच्या आठवड्यात तीन कामे व्हावीत. विकलेल्या प्रत्येक कामासोबत कलाकाराच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र, देखभालीची सूचना आणि त्याने लाकडी पेटी केली असेल तर तीही द्यावी. कोरियात चांगल्या भांड्यासाठी ओदोंग या हलक्या लाकडाची पेटी करतात आणि पेटीवरचा मजकूरही कामाच्या ओळखीचा भाग असतो. न विकलेली कामे दुसऱ्यांदा कंडिशन रिपोर्ट करून परत पाठवावीत किंवा नव्या तारखांचा करार करून ठेवून घ्यावीत. मुदत संपलेले काम नुसते गोदामात पडू देऊ नये. आणि कलाकाराला पूर्ण हिशेब पाठवावा: कोणते काम, कोणत्या तारखेला, कोणत्या किमतीला, किती सवलत देऊन गेले, ते कोणत्या शहरात आहे आणि खरेदीदाराने परवानगी दिली असेल तर त्याचे नाव. हा हिशेब आणि पैसे कलाकाराने विचारण्याआधी त्याच्या हाती पडले पाहिजेत, आणि सोबत पुढच्या प्रदर्शनाच्या तारखांचा प्रस्तावही असावा.